घरचं ताट की गाड्यावरची प्लेट: हिशेब मांडूया (बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भाग)

तव्यावरची (धागा यांनी काढला)

घरचं स्वस्त आणि बाहेरचं महाग असं सगळेच म्हणतात, पण ताटाचा हिशेब मांडायला कोणी बसत नाही. इथे मांडूया. भाव बेळगावातल्या किरकोळ दुकानाचे आहेत आणि गोल करून धरलेत. तुमच्या गल्लीत दोन-पाच रुपये इकडेतिकडे असतील, तेवढे बदलून घ्या. पद्धत तीच राहील.

चार माणसं, एक वेळचं पूर्ण जेवण: माणशी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, अख्ख्या मसुराची उसळ, मेथीची भाजी, थोडा भात, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लिंबू.

ज्वारी: भाकरीला ७० ग्रॅम पीठ, आठ भाकऱ्यांना ५६० ग्रॅम. ज्वारी ५० रुपये किलो, दळणावळ किलोला ६ रुपये. झाले ३१ रुपये.
अख्खा मसूर २५० ग्रॅम, १०० रुपये किलोने २५ रुपये. त्यात दोन कांदे, आलं-लसूण, सुकं खोबरं १० ग्रॅम, तेल ३० मिली, कांदा-लसूण मसाला १० ग्रॅम, हे सगळं मिळून २२. उसळ ४७ रुपये.
मेथीची एक मोठी पेंडी, तेल, लसूण: २४.
तांदूळ २०० ग्रॅम, ५५ रुपये किलोने ११.
शेंगदाणे ४० ग्रॅम, तिखट, मीठ, लसूण: ७.
कांदा, लिंबू: ६.
गॅस: कुकर, भाकरी, भाजी मिळून मोठा बर्नर साधारण सव्वा तास. मोठा बर्नर तासाला १५० ग्रॅमच्या आसपास गॅस घेतो. १४.२ किलोचा सिलिंडर ८७० रुपये धरला तर किलोमागे ६१ रुपये, म्हणजे या जेवणाला १२ रुपये.

एकूण १३८, माणशी ३५ रुपयांच्या आत. एका ताटात साधारण १००० किलोकॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रथिनं.

आता गाड्यावर या. २० रुपयांचे दोन वडापाव म्हणजे ४०. त्यात प्रथिनं जेमतेम १४-१५ ग्रॅम, भाजी नाही, चोथा नाही, तळणीचं तेल भरपूर. नुसते रुपये बघितले तर घर आणि गाडा यांत पाचच रुपयांचा फरक आहे. म्हणून ‘बाहेरचं महाग’ हे विधान गाड्याच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. मागवलेल्या बर्गरच्या बाबतीत मात्र ते पूर्ण खरं आहे. बर्गर, बटाट्याच्या काड्या आणि शीतपेय मिळून २०० रुपये धरा. त्यावर ५ टक्के जीएसटी, पॅकिंग, घरपोच आणण्याचा आकार, ॲपचं शुल्क लागून एका माणसाचे सहज २६०-२७० होतात. त्या पैशात वरचं ताट सातआठ जणांना वाढता येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुलना पोट भरण्याची करू नका, ताटात काय आलं त्याची करा. आणि घरच्या बाजूला वाया जाणारं आणि राबणारे हात हेही मोजा.

रविवारपेठ

ताई, मांडणी चोख आहे. ज्वारीबद्दल भर घालतो, कारण हिशेबात सगळ्यात जास्त हलणारा आकडा तोच.

५० रुपये हा सुट्ट्या किलोचा भाव झाला. रब्बीची शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. विजापूर, अथणी, सौंदत्तीकडचा माल तेव्हा पेठेत येतो आणि पोत्याचा भाव सुट्ट्यापेक्षा खालीच असतो. रोज एक वेळ भाकरी खाणाऱ्या चौघांना महिन्याला १७ किलो लागते. वर्षाची एकदम घेऊ नका, पावसाळ्याआधी दोन पोती पुरे. आपल्याकडे, विशेषतः खानापूर बाजूला, जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की न वाळवलेलं धान्य किडतंच. घेतल्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरून वाळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पत्र्याच्या डब्यात भरा. गरम धान्य भरलं की आत घाम धरतो आणि तिथूनच कीड सुरू होते. वाळलं का ते दाताखाली बघायचं. दाणा ‘कट्’ करून फुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरात घाला, ओला नको.

घेताना दाणा टपोरा, पांढरट-मोतिया आणि चमकदार बघा. पावसात सापडलेली ज्वारी काळपट पडते, भाव कमी असतो. तिची भाकरीही काळपट होते आणि चव उतरते. पंधरा रुपये वाचवायला ती घेऊ नका.

दळण मात्र एकावेळी चार-पाच किलोच आणा. पीठ पंधरा दिवसांच्या वर गेलं की चिकटपणा जातो आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. मग माणूस म्हणतो भाकरी जमत नाही, चपातीच बरी.

तव्यावरची

+१. जुन्या पिठावर उपाय आहे: उकड काढायची. एक वाटी पाणी उकळून चिमूटभर मीठ घाला, गॅस बंद करून एक वाटी पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाका, मग गरम असतानाच मळा. ताज्या पिठाला नुसतं कडकडीत पाणी पुरतं. मळलेला गोळा ठेवून देऊ नका. एकेका भाकरीपुरतंच मळून थापा, नाहीतर शेवटच्या भाकऱ्या चिरतात.

तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतो, ते सुकायच्या आत उलटायची. पाणी पूर्ण सुकलं की तडे पडतात आणि भाकरी फुगत नाही.

कढईकाठ

गाड्याची बाजू मांडतो, म्हणजे वडापाव २० रुपयांत कसा बसतो ते कळेल.

बटाटा गोणीने, पाव लादीने, तेल १५ किलोच्या डब्याने. वड्याचा गोळा ५५-६० ग्रॅम बटाट्याचा, बेसनाचं आवरण १५ ग्रॅम कोरड्या पिठाचं. माल सात-आठ रुपयांत येतो. बाकी जागा, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, मदतनीस आणि नफा. यात दाबता येण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तेल. कढईतलं तेल फेकून नवीन ओतलं तर त्या दिवसाचा नफा जातो, म्हणून त्यातच नवीन भर घालत राहतात.

तेल वारंवार तापलं की ते बिघडून त्यात ध्रुवीय संयुगं नावाचे घटक वाढतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. गिऱ्हाइकाला मीटर घेऊन जाता येत नाही, पण डोळे आहेत की. वडा टाकल्यावर बुडबुडे मोठे असून लगेच विरले तर तेल चांगलं. बारीक पांढरा फेस कढईभर पसरून तसाच टिकला, तेल चहाच्या रंगाच्याही पलीकडे काळं दिसलं, मध्यम आचेवरच धूर यायला लागला, किंवा झाऱ्यावरून तेल काकवीसारखं ओघळलं, तर तिथे खाऊ नका. संध्याकाळी गाडा सुरू होतानाचा पहिला घाणा आणि रात्री दहाचा घाणा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गोबी मंच्युरीबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे शाळा-कॉलेज सुटलं की पोरं तिथेच उभी असतात. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरी आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्या रंगांतला ऱ्होडामाइन-बी हा मुळात कापडाचा रंग आहे. पुढे जूनमध्ये कबाबमधल्या रंगांवरही बंदी आली. बिनरंगाची मंच्युरी तपकिरी दिसते, सोया सॉस आणि ब्याडगी मिरचीमुळे फार तर विटकरी. लालभडक आणि बोटाला रंग लागणारी असेल तर सरळ परत करा.

आणि ६० रुपयांच्या प्लेटमध्ये फ्लॉवर किती असतो? मूठभर. बाकी मैदा, कॉर्नफ्लोअर आणि शोषलेलं तेल. प्रथिनं चार-पाच ग्रॅम.

संकेश्वरी_तिखट

मग मंच्युरी घरीच करावी ना? तेल तरी ताजं राहील.

कढईकाठ

तेल ताजं राहील, पण स्वस्त पडणार नाही. तळण घरी परवडत नाही हे लक्षात घ्या. कढईत नीट तळायला किमान ४०० मिली तेल लागतं, म्हणजे ६० रुपये आधीच ओतले. त्यातलं साठ-सत्तर मिली पदार्थ पितो. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवलं तर हिशेब जुळतो. पुन्हा तळायला ठेवलं तर गाड्यावर जे नको म्हणतो तेच घरी केलं, आणि ओतून दिलं तर मंच्युरी गाड्यापेक्षा महाग.

त्याऐवजी आप्पेपात्र वापरा. पाव किलो फ्लॉवरचे तुरे मिठाच्या गरम पाण्यात तीन मिनिटं ठेवून निथळा, बेसन ४ चमचे आणि तांदळाचं पीठ २ चमचे लावून आप्पेपात्रात चार-पाच थेंब तेलावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. तुरे कोरडे हवेत. ओले राहिले की पीठ सुटतं आणि चिकटतं. वरून लसूण, सिमला मिरची, सोया सॉस मोठ्या आचेवर परतून त्यात घोळा. सगळा खर्च ४५ रुपयांच्या आत, दोन प्लेटा होतात.

खोलीवाला_टिळकवाडी

हे सगळं चार माणसांचं झालं. एकट्याचं काय? खोली भाड्याची, एक शेगडी, ५ किलोचा छोटा सिलिंडर, फ्रिज नाही. असे कितीतरी विद्यार्थी आणि नोकरदार आहेत इथे. त्यांचा हिशेब कोणी मांडेल का?

तव्यावरची

मांडते. हाच भाग लोक विसरतात.

तेच ताट एकट्यासाठी: ज्वारी ८, उसळ १२, मेथी २२, भात ३, चटणी २, कांदा-लिंबू ३, गॅस १२. एकूण ६२ रुपये. चौघांत ३५ ला पडणारं ताट एकट्याला ६२ ला पडतं. दोन ठिकाणी गळती आहे. मेथीची पेंडी अख्खी घ्यावी लागते आणि फ्रिजशिवाय दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. आणि छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो हे खरं, पण किलोमागे तो मोठ्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. कुकर एका माणसाचा असो की चौघांचा, तापायला गॅस जवळजवळ तेवढाच खातो.

दुरुस्ती अशी:

पालेभाजी आठवड्यातून एकदाच, ज्या दिवशी दोन्ही वेळा खाणार त्या दिवशी. बाकी दिवस फ्रिजविना टिकणारं घ्या: कोबी, गाजर, बीट, दुधी, लाल भोपळ्याची फोड. नवरात्राच्या आसपास आपल्या पश्चिम भागातली रताळी स्वस्त होतात, ती आठवडाभर बाहेर टिकतात. कोबीचा गड्डा कापताना बाहेरून पानं सोलून वापरा, मधून चिरू नका. चिरलेली बाजू काळी पडते.

भाकरी विकत घ्या. आपल्या भागात कडक भाकरीची पाकिटं सगळीकडे मिळतात. आठ रुपयाला एक धरली तरी दोन भाकऱ्यांचे १६ होतात, पण गॅस, परात, अर्धा तास वाचतो. हवाबंद डब्यात महिनाभर टिकतात. मऊ हवी असेल तर पाण्याचा हात फिरवून पाच मिनिटं ओल्या फडक्यात गुंडाळायची.

मसूर सकाळी दोन वेळचा शिजवा, पण अर्धा बिनवाटणाचा बाजूला काढा. खोबऱ्याचं वाटण घातलेली उसळ मार्च ते मे मध्ये संध्याकाळपर्यंत आंबते. नुसता शिजवलेला मसूर उकळी आणून झाकून ठेवला तर रात्रीपर्यंत राहतो. रात्री ताजी फोडणी द्यायची आणि पुन्हा खळखळून उकळायचं. एप्रिलच्या भर उन्हाळ्यात तेही नको, तेव्हा एका वेळेपुरतंच. भात मात्र कधीच उरवू नका. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करून जात नाही.

असं केलं की: भाकरी १६, उसळ १२, कोबीची कोशिंबीर ६, भात ३, चटणी २, गॅस ४. ताट ४३ ला येतं.

हेस्कॉम_मीटर

खोलीवाल्यांनी इंडक्शनचा विचार करावा. गॅसच्या शेगडीत उष्णतेचा मोठा भाग भांड्याच्या बाजूने निसटतो, इंडक्शनमध्ये उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते. १२०० वॅटवर २५ मिनिटं कुकर म्हणजे अर्धा युनिट. राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत असली तरी मीटरला मागच्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ (सरासरी ४८ युनिटांच्या आत असेल तर १० युनिटं) एवढीच सूट आहे, सरसकट २०० नाही. इंडक्शन आणल्यावर वापर त्या सरासरीच्या वर गेला तर वरच्या युनिटांचं बिल येतं. भाडेकरूने आधी घरमालकाला विचारून घ्यावं. एकाच मीटरवर चार खोल्या असतील तर भांडण ठरलेलं आहे.

कुकर इंडक्शनच्या बुडाचाच हवा. साधा ॲल्युमिनियमचा चालत नाही. चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा. आणि जुन्या वायरिंगच्या खोलीत ५ अँपियरच्या प्लगला इंडक्शन लावू नका, १५-१६ अँपियरचाच लागतो.

निपाणीकर

एकट्या माणसाने खानावळीचा हिशेबही घालावा. महिना ३००० आणि दोन वेळ जेवण म्हणजे ६० जेवणं, ५० रुपयाला एक. दिसायला ठीक. पण करार करताना तीन गोष्टी विचारा. रविवारी रात्री बंद असते का? खाडा कापतात का, आणि किती दिवस सलग गैरहजर राहिलं तर? सणाची सुट्टी कोणाच्या खात्यावर? रविवार रात्र आणि गावी जाण्याचे दिवस धरून प्रत्यक्षात ५० जेवणंच झाली तर भाव ६० रुपयांवर गेला.

दुसरं, आमटीचा पातळपणा बघा. खानावळीत पहिली काटछाट डाळीत होते. वाटीच्या तळाला डाळ दिसत नसेल तर ताट पोट भरेल, पण प्रथिनं भात-चपातीचीच. अशा वेळी जोडीला रोज दोन उकडलेली अंडी किंवा ३० ग्रॅम भाजके शेंगदाणे ठेवा. शेंगदाणे चार-साडेचार रुपयांत ७ ग्रॅम प्रथिनं देतात.

आणि बाहेर खायची वेळ आलीच तर गाड्यावरच्या गोष्टींत एग राईस सगळ्यात बरा. दोन अंडी आणि भात मिळून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. ‘सॉस नको, तेल कमी, कांदा-कोबी जास्त’ असं सांगितलं की करून देतात. ७० रुपयांची प्लेट घरी ३० ला होते: अंडी १४, तांदूळ ५-६, तेल ३, भाजी ५, गॅस ३.

अगदीच अडचण असेल तर सरकारी इंदिरा कॅन्टीन आहे. नाश्ता ५ रुपये, जेवण १० रुपये. घरच्या स्वयंपाकालाही त्या भावाला हात लावता येत नाही.

उचगावची_वैनी

सगळ्यांचे हिशेब वाचले. पीठ, मीठ, गॅस सगळं धरलंत, पण राबणाऱ्या बाईचा तास कोणीच धरला नाही, ताईंनी पहिल्याच लेखात तसं सुचवूनही. चौघांचं हे जेवण करायला निवडणं, चिरणं, थापणं आणि भांडी मिळून दीड तास जातो. रोज.

स्वयंपाकाला मावशी लावल्या आणि एका वेळेचे महिना ३००० दिले, चार सुट्ट्या वजा करून २६ दिवस चौघांचं जेवण झालं तर १०४ ताटं. ताटामागे २९ रुपये. म्हणजे ३५ चं ताट ६४ चं झालं. घरातलीच बाई करते तेव्हा हे २९ रुपये कोणाच्या खिशातून जात नाहीत म्हणून ते नाहीतच असं धरू नका. शेतातून किंवा ऑफिसातून सहाला आलेली बाई पोरांना दोन वडापाव आणून देते, तेव्हा ती आळस करत नाही, तो दीड तास विकत घेते.

त्यामुळे घरचं ताट खरंच स्वस्त करायचं असेल तर तो तास कमी करा, नाहीतर वाटून घ्या. मसूर निवडणं, मेथी खुडणं, शेंगदाणे सोलणं, भांडी विसळणं याला कसब लागत नाही. दहा वर्षांचं पोर करू शकतं, नवराही करू शकतो.

तव्यावरची

वैनी, बरोबर बोललात. पहिल्या लेखात मी सांगितलं आणि आकडा मात्र घातला नाही. तुमचे २९ रुपये धरूनच पुढे बोलूया.

तास कमी करण्यासाठी, रविवारी पाऊण तासात होणारी कामं: अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सोलून, अर्धे कूट आणि अर्धी चटणी. पाव किलो कांदा आणि १०० ग्रॅम सुकं खोबरं भाजून, लसूण-आलं घालून कोरडंच वाटण. पाणी घातलं तर फ्रिजमध्येही चार दिवसांत वास येतो, कोरडं आठ-दहा दिवस जातं. मेथी, शेपू, माठ खुडून ठेवा पण धुऊ नका. सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वर्तमानपत्रात नको, शाई पाल्याला लागते.

रोजचा क्रम, दोघांच्या हातांनी ४० मिनिटांत: मसूर तासभर आधी भिजत घाला. आल्या आल्या कुकर लावा, खाली मसूर, वर डब्यात तांदूळ. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग बारीक करून आठ मिनिटं. मसूर न भिजवता लावला तर तो कच्चा आणि भात गिच्च होतो. भिजवायला वेळ नसेल तर दोन्ही वेगळे लावा. कुकर चालू असताना एकाने भाकऱ्या थापायला घ्यायच्या, दुसऱ्याने कांदा-लसूण चिरून मेथी परतायची. मेथीवर झाकण ठेवू नका, रंग आणि चव दोन्ही जातात. वाफ मुरली की कुकर उघडून त्याच कढईत उसळीची फोडणी. कोकम किंवा टोमॅटो मसूर मऊ झाल्यावरच घाला, आंबट आधी घातलं की दाणा निबर राहतो.

शेंगदाणा_हिशेब

सगळे प्रथिनांचं बोलताहेत म्हणून एका ग्रॅम प्रथिनाचा भाव काढला. सोयाबीनच्या वड्या १५० रुपये किलो: ३० पैसे. अख्खा मसूर: ४४ पैसे. ज्वारी दळून: ५६ पैसे. शेंगदाणे १४० रुपये किलो: ५९ पैसे. अंडं ७ रुपयाला: १ रुपया ८ पैसे. दूध लिटरला ४६ धरून: दीड रुपयाच्या आत. पनीर ४०० रुपये किलो: दोन रुपयांच्या वर. वडापाव: पावणेतीन रुपये. गोबी मंच्युरी: बारा रुपये.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरच्या एका ताटातच त्यातले ३५ आले, ते गहू-तांदूळ-पनीर न वाढवता. गावठी बारीक मसूर महाग असतो, चवीसाठी सणावाराला घ्या. रोजच्याला साधा मसूर पुरतो, प्रथिनांत फरक पडत नाही.

येळ्ळूरची_शाळाआई

शाळेच्या डब्याचं कोणी सांगेल का? बेकरीतला पफ २० रुपये, पाकिटातल्या नूडल्स १५ रुपये. मुलांना तेच हवं असतं आणि सकाळी वेळ नसतो.

तव्यावरची

नाचणीचे डोसे. १३० ग्रॅम उडीद डाळ आणि एक चमचा मेथीदाणे चार तास भिजवून बारीक वाटा. त्यात २७० ग्रॅम नाचणीचं पीठ गुठळी न होऊ देता मिसळून रात्रभर आंबवा. उन्हाळ्यात आठ तास पुरतात. आपल्या पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बारा-चौदा लागतात, तेव्हा दुपारीच वाटून ठेवा आणि भांडं कोमट ओव्हनमध्ये किंवा पांघरुणात ठेवा. अठरा डोसे होतात. डाळ १७, पीठ १६, तेल १०, गॅस ६-७, म्हणजे तीन रुपयांच्या आत एक. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते पफच्या मैद्यात नाही.

डोसा तव्याला चिकटला तर दोन कारणं: नाचणी उडदाच्या दुपटीहून फार पुढे गेली, किंवा तवा जास्त तापला. तव्यावर पाणी शिंपडून पुसा, मग पीठ घाला. बाजूला शेंगदाण्याची चटणी द्या. खोबऱ्याची ओली चटणी डब्यात दुपारपर्यंत टिकत नाही.

नूडल्स द्यायच्याच असतील तर मसाल्याची पुडी अर्धीच घाला. दिवसाला ५ ग्रॅम मीठ ही मोठ्या माणसाची मर्यादा आहे, एका पुडीत त्यातला बराच मोठा हिस्सा जातो.

रविवारपेठ

रेशनच्या तांदळाबद्दल थोडं, कारण अन्नभाग्यचा तांदूळ कितीतरी घरांत येतो आणि तो हिशेबात धरला तर भाताचा खर्च जवळजवळ शून्य होतो. त्यात मधूनमधून पिवळसर किंवा जास्त पांढरे, पाण्यावर तरंगणारे दाणे दिसतात. ते प्लास्टिक नाही. पोषणयुक्त केलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांमागे एक, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले. वेचून टाकू नका. तांदूळ तीन-चारदा चोळून धुऊ नका आणि भाताचं पाणी ओतून देऊ नका, जेवढं पाणी जिरेल तेवढंच घाला. हा तांदूळ जुना असेल तर एक वाटीला अडीच वाटी पाणी लागतं. नव्या इंद्रायणीला पावणेदोन पुरतं, जास्त घातलं की चिखल.

इडली-डोशाला हाच तांदूळ उत्तम. विकत घेतलेला चांगला तांदूळ त्यात घालवू नका.

बोअरचं_पाणी

आमच्या भागात बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही, चार-पाच शिट्ट्या होतात. ताईंचा १२ रुपयांचा गॅस इथे १८ वर जातो. सोडा घालावा का?

तव्यावरची

सोडा नको, त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी लागते. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्याला घट्ट करतं, म्हणून शिजत नाही. शिजवण्यापुरतं पाणी वेगळं आणा. शहरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी मऊ असतं. गावात पावसाचं पागोळीचं पाणी पहिला पाऊस सोडून गाळून साठवा, किंवा शुद्ध पाण्याच्या केंद्राचा एक कॅन फक्त डाळीसाठी ठेवा. चौघांच्या डाळीला पाऊण लिटरच लागतं. भिजवायलाही तेच पाणी वापरा, भिजवताना बोअरचं आणि शिजवताना गोडं असं केलं तर फारसा उपयोग होत नाही.

तेही जमत नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळून रात्रभर ठेवा आणि तळाचा पांढरा गाळ न ढवळता वरचं ओतून घ्या. त्याने जडपणा थोडाच उतरतो, पण मसूर आणि मुगाला पुरतो. हरभरा आणि राजमा त्यात शिजायचे नाहीत, त्यांना गोडंच पाणी लागतं. आणि डाळ वर्षाच्या आतली घ्या. जुनी डाळ कुठल्याच पाण्यात नीट मऊ होत नाही, मग लोक उगाच पाण्याला दोष देतात.